आडवा बंब

१९९२ साल. मी पंचवीस वर्षांचा होतो. पंचविशीला माणूस वाढून झालेला असतो असं लोक म्हणतात. आमच्या घरात तसं नव्हतं. आमच्याकडे बापानं ठसा हातात देईपर्यंत पोर ते पोरच, मग त्याच्या मिशा पिकल्या तरी. ठसा म्हणजे पोलादाची बोटभर कांडी. तिच्या टोकाला आमच्या घराची खूण कोरलेली, दोन पाकळ्या आणि मध्ये टिंब. भांडं पुरं झालं की त्याच्या बुडाला तो ठसा ठेवून एक हातोडी मारायची, मग ते भांडं आमच्या घरचं. ती कांडी माझे वडील, आप्पा, धोतराच्या कनवटीला लावून फिरत. झोपताना उशीखाली. दहा वर्षांचा असल्यापासून मी ठोकत होतो, शाळा चौथीत सोडली ती त्यासाठीच. पण पंधरा वर्षांत मी त्या कांडीला बोट लावलेलं नव्हतं.

आमचं घर कसब्यात, तांबट आळीत. खाली भट्टी आणि ठोकायची जागा, वर दोन खोल्या. सकाळी दूध यायच्या आधी आळी सुरू व्हायची. एका घरातून ठण, मग समोरून ठण ठण, मग सगळीकडून एकदम, की नवीन पाहुण्याला वाटावं छप्पर कोसळतंय. आम्हाला त्याचं काही नव्हतं. उलट अमावास्येला काम बंद असलं की डोकं दुखायचं. या आवाजात जन्म काढलेल्या माणसाचे कान जातातच. आप्पांचा डावा गेला होता, उजवा अर्धा. त्यामुळे घरात साधं बोलणंही ओरडून. "मीठ दे" हे सुद्धा असं, की बाहेरच्याला वाटावं मारामारी झाली. भांडण मात्र आमच्याकडे हळू आवाजात व्हायचं. आप्पांचा आवाज खाली आला की आईचा हात जिथं असेल तिथं थांबायचा. आज माझाही उजवा कान गेलाय. पुतणी म्हणते, काका, मोबाईलमध्ये बोला, तो आपोआप लिहितो. मी म्हटलं, मी जे ओरडलो नाही ते त्याला कसं ऐकू येणार? माझं मी लिहीन, अक्षर वेडंवाकडं येईना का.

आप्पांचा एक नियम होता तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ज्याच्या हातून भांडं बिघडेल, त्यानं रात्रीचं जेवण त्या भांड्यात जेवायचं. पातेल्याचा काठ वाकडा आला तर भात त्या पातेल्यात. तांब्याचा सांधा गळका निघाला तर आमटी त्या तांब्यात. आई वाढायची. तिला बोलायची परवानगी नव्हती आणि तिनं ती कधी मागितलीही नाही. गळक्या भांड्यातली आमटी भराभर जेवावी लागते, नाहीतर पाटाखाली ओघळ जातो आणि मग आप्पा म्हणायचे, "चाट." लहानपणी मी एकदा चाटलं आहे. माझी बायको होती तोवर विचारायची, अहो, मागं कोण लागलंय तुमच्या, जरा चावून जेवा. मी तिला कधी सांगितलं नाही. आप्पांच्या हातून भांडं बिघडल्याचं आमच्या घरात कधी झालं नाही. म्हणजे, कुणी तसं म्हटलं नाही.

माझा धाकटा भाऊ विलास या नियमातून सुटला होता. त्याला हातोडी नीट धरता येत नाही म्हणून आप्पांनी त्याला शिकू दिलं, आणि तो बी.कॉम. होऊन लक्ष्मी रोडवरच्या एका माडीवर कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागला होता. बूट काढून आत जायचं, थंड खोलीत बसायचं, असं तो सांगायचा. आप्पा ऐकून घ्यायचे आणि आईला ओरडून म्हणायचे, "देवळात जातोय गं तुझा पोरगा, देव कुठला ते त्यालाही माहीत नाही." पण त्यात राग नव्हता. माझ्याशी बोलताना असायचा तो त्यात नव्हता.

आमचं मुख्य काम बंबाचं. आता ज्यांना बंब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचा उभा पिंप, त्याच्या पोटातून आरपार एक नळ, नळात कोळसा आणि नळाभोवती पाणी. खाली जाळ, वर धूर, तोटीतून कढत पाणी. पुण्यातल्या निम्म्या घरांनी आमच्या बंबाच्या पाण्यानं आंघोळ केलेली आहे. पण त्या वर्षी बाजार उघडला, बाजार उघडला असं सगळीकडे चाललं होतं, आणि आमच्याकडे मात्र बाजार मिटत होता. भिंतीवर टांगायचा पांढरा गिझर आला. ज्यांच्या आजोबांना आम्ही बंब दिला होता ते नातू तो बंब पोत्यात घालून मोडीत विकायला आमच्याच दारात यायचे. आप्पा बुडाचा ठसा बघायचे, अंगठा फिरवायचे आणि ओरडून सांगायचे, "मोड घेत नाही. नदीत टाका." आता विलासच्या खराडीच्या घरात लिफ्टमधून बाहेर आलं की तसाच एक बंब ठेवलाय, त्यात मनीप्लांट लावलाय. मी गेलो की त्याच्याकडे पाठ करून बसतो.

अशा दिवसांत ओक साहेब आले. प्रभात रोडला बंगला, स्वतःचा कारखाना, उंच, पांढरा बुशशर्ट. यांना नाद होता छोट्या आगगाड्यांचा. कोळशाच्या, वाफेच्या, खऱ्याच, फक्त लहान. त्यांच्या एका खोलीत फळ्यांवर इंजिनंच इंजिनं होती, काही विलायती, काही त्यांनी स्वतः जुळवलेली. बागेत आंब्याच्या झाडाभोवती रूळ टाकले होते. इंजिनाच्या मागं चाकांची फळी जोडायची आणि तिच्यावर घोड्यावर बसावं तसं बसायचं. गुडघ्यापेक्षा कमी उंचीचं इंजिन दोन मोठी माणसं ओढून न्यायचं. आता परदेशातून सुटे भाग मागवणं सोपं झालं होतं, तर त्यांनी चाकं, दांडे, सिलिंडर मागवले होते. बॉयलर मात्र त्यांना इथंच करून हवा होता. हातात नकाशा घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला तांब्याचा बॉयलर हवा आहे. चार जणांनी होतं म्हणून सांगितलं आणि चौघांनी चार पिचकाऱ्या करून दिल्या. आपण नाही म्हणालात तरी चालेल, सवय आहे."

आप्पांनी नकाशा उलटा धरून पाहिला, परत दिला. "आम्ही खेळणी करत नाही."

मी मागून तो नकाशा पाहिला होता. त्यावरचं इंग्रजी वाचता येत नसलं तरी मला कळलं. आडवा पिंप, आत एका नळाऐवजी बोटाएवढ्या पुष्कळ नळ्या, एका टोकाला जाळाची पेटी. म्हटलं, "हा आडवा बंबच आहे. मी करतो."

भट्टीवर आईनं चहा ठेवला होता, त्याचाच काय तो आवाज. आप्पांनी आवाज खाली आणला. "कर की. दसऱ्याला हे साहेबांच्या बागेत चाललं, तर तिथंच मी ठसा मारीन आणि कांडी तुझी. भट्टी वेगळी लाव, लग्न कर, काय करायचं ते कर. आणि नाही चाललं, तर माझ्या हाताखाली ठोकायचं, मी मरेपर्यंत, आणि पुन्हा गिऱ्हाईकापुढं तोंड उघडायचं नाही." मग साहेबांकडे वळून ओरडून, "चहा घेणार का?"

पावसाळाभर मी तो बॉयलर केला. बंबाचं काम उरकून, मग. तांबं लाल करायचं, पाण्यात सोडायचं, मऊ झालं की लाकडी मोगरीनं वळवायचं, पुन्हा कडक झालं की पुन्हा लाल करायचं. नळ्या बसवायच्या आणि सांधे चांदीनं झाळायचे. साधा कथिलाचा सांधा वाफेला टिकत नाही. चांदी वितळायच्या वेळी तांबं असं लाल होतं की ते दिसतं पण नजर ठरत नाही, आणि मग एकाएकी चांदी सगळ्या सांध्याभोवती पळते, उन्हात गोम पळावी तशी. ती पळाली की काम झालं. न पळता गोळा झाली की तांबं फुकट. आप्पा जिन्यात बसून बघायचे. एकदाही खाली उतरून हात लावला नाही, की "असं कर" म्हटलं नाही. आल्यागेल्याला सांगायचे, "दत्तू बाहुलीला अंघोळ घालणार आहे. बंब करतोय." आळीत तेच नाव पडलं. पोरं मला विचारायची, दत्तूदादा, बाहुली न्हाली का?

बॉयलर झाल्यावर साहेबांच्या गॅरेजमध्ये त्याची परीक्षा झाली. जाळ न लावता, गार पाणी गच्च भरून हातपंपानं दाब द्यायचा, वाफेचा जेवढा लागणार त्याच्या दुप्पट. काटा दुप्पटीवर नेऊन साहेबांनी पंप सोडला, आतून चहा मागवला, तो सावकाश प्यायले, आणि मग पुन्हा काट्याकडे पाहिलं. काटा हलला नव्हता. सगळ्या सांध्यांवरून त्यांनी टीपकागद फिरवला. कोरडा. "बरं आहे," ते म्हणाले. पुढे मला कळलं की हे त्यांच्या तोंडून कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं.

मग चाकांवर बॉयलर चढला. त्याच्या पाठीवर सेफ्टी वाल्व बसला. हे विलायती पितळी नळकांडं, करंगळीएवढं, तोंड वर उघडं, आत एक स्प्रिंग. दाब लाल रेघेच्या वर गेला की स्प्रिंग दबते आणि जादा वाफ शिट्टीसारखी निघून जाते. त्यावर झाकण म्हणून घुमट हवा होता. तो मी एकाच पत्र्यातून उठवला, कुठं सांधा नाही, उपडी वाटी असावी तसा, आणि असा घोटला की त्यात नाक दिसायचं. शेवटची चकाकी घरीच चांगली येते म्हणून आख्खं इंजिन मी रिक्षानं घरी आणलं. ती खंडेनवमीची आदली संध्याकाळ होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. मोगऱ्या, हातोड्या, सांडशी, कात्री, सगळी धुऊन, तेल लावून पाटावर मांडायची. पूजा झाली की दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, साधा पाना सुद्धा धरायचा नाही. विलासनं त्या वर्षी गंमत म्हणून क्लासची एक फ्लॉपी मांडली. आणि आप्पा आंघोळ करून आले, माझ्या इंजिनापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हेही मांड."

मी मांडलं. त्यांनी स्वतःच्या हातानं पूजा केली. हे मी लिहितोय तेव्हाही मला ते दिसतं. बोटांनी तेल घेऊन चाकांना लावलं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग घुमट उचलून बाजूला ठेवला. आमच्याकडे रिकामं भांडं घराबाहेर जात नाही. नवीन भांडं गिऱ्हाइकाला देताना त्याच्या तोंडात कुंकवाच्या अक्षता टाकायच्या, मग ते द्यायचं. आजोबा करायचे, पणजोबा करायचे. आप्पांनी चिमूट भरली. मी त्यांच्या हाताकडे पाहत नव्हतो, तोंडाकडे पाहत होतो. पंधरा वर्षांत मी केलेल्या वस्तूकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ठसा मिळाला. त्यांनी घुमट परत ठेवला, फ्लॉपीवर कुंकवाचं बोट ओढलं, आणि आईला ओरडले, "नैवेद्य आण!"

दसऱ्याला सकाळी ओक साहेबांच्या बागेत पाहुणे जमले होते. बायका रेशमी साड्यांत, कारखान्यातले लोक, एक गोरा पाहुणा सुद्धा, ज्याच्याशी साहेबांचा नवा करार व्हायचा होता. आप्पांना मागं खुर्ची दिली होती. त्यांनी कोट-टोपी घातली होती आणि कोटाच्या खिशात हातोडी आणली होती, छोटी, ठसा मारायची, पूजेत न मांडलेली, तिला तेवढी सूट. मी कोळसा भरला, पेटवलं, पाणी तापलं, काटा चढायला लागला. साहेब फळीवर बसले, दांडा ओढला आणि माझा आडवा बंब चालला. धुरांड्यातून फस् फस् करत, झेंडूची माळ उडवत, आंब्याला वळसा घालून गेला आणि परत आला. लोक टाळ्या वाजवत होते. मी मागं बघितलं. आप्पा उभे राहिले होते आणि त्यांचा हात कनवटीला होता.

मग फोटो काढायचे ठरले. साहेबांनी गाडी उभी केली, गोरा पाहुणा मागं बसला, मग त्याची बायको, मग कुणाची तरी मुलं. जाळ भरपूर होता आणि वाफ कुठं जात नव्हती. काटा लाल रेघेवर आला. मी शिट्टीची वाट बघितली. काटा रेघेच्या पुढे गेला. मी म्हटलं, "साहेब, जाळ काढतो."

"थांबा हो," साहेब फोटोकडे बघत म्हणाले, "वाल्व कशाला आहे?"

काटा टोकाला जाऊन खिळ्याला टेकला. मी मुलांना ओढून बाजूला ढकललं आणि पेटीतला जाळ खाली पाडायला हात घातला. तेवढ्यात आवाज झाला. फार मोठा नव्हता, ओली फळी मोडावी तसा. मागचा सांधा फाटला आणि पाणी आणि वाफ माझ्या उजव्या पंजावर आली.

बाकी कुणाला काही झालं नाही. एका बाईची साडी भिजली. त्या बाई म्हणाल्या, "अय्या, बाहुलीला अंघोळ घालायची होती ना?" आणि कुणीतरी हसलं. बाहुलीची गोष्ट बंगल्यापर्यंत कशी पोचली होती कोण जाणे. साहेबांनी माझा हात नळाखाली धरला, तेवढं त्यांनी केलं, आणि वर न बघता म्हणाले, "आपण बंबच करत जा." आप्पा पुढं आले होते. त्यांनी फाटलेल्या सांध्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सांधा कच्चा. हात पोराचा आहे, माझा नाही. म्हणून मी ठसा मारला नव्हता." चाकं साहेबांची होती ती त्यांनी ठेवून घेतली. बॉयलर आणि त्यावरचा घुमट आम्ही पोत्यात घालून घरी आणला.

घरी श्रीखंड-पुरी होती. चक्का आदल्या रात्रीपासून टांगलेला, वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत. चार पाट मांडलेले, आप्पा, मी, विलास आणि एक आईचा. आईनं माझा हात बघितला, आत जाऊन खोबरेल आणि फडकं घेऊन आली. आप्पांनी पोतं उघडलं, बॉयलर काढला आणि माझ्यापुढचं ताट उचलून तिथं ठेवला, फाटका भाग वर करून.

"वाढ," ते आईला म्हणाले.

आई उभी राहिली. विलास म्हणाला, "आप्पा, दसरा आहे. त्याचा हात भाजलाय. इट्स टू मच."

"तू तुझ्या कॉम्प्युटरात जेव," आप्पा म्हणाले. "वाढ गं."

आईनं वाढलं. फाटलेल्या सांध्यातून आधी कढी, मग बटाट्याची भाजी, वर श्रीखंड. आत राख होती, काजळी होती. मी डावा हात पुढे केला. आप्पा खाली मान घालून पुरी मोडत होते. तशीच मोडत म्हणाले, "सणाच्या पानाला डावा हात लावायचा नाही." मग मी उजवा घातला. तांब्याच्या फाटक्या कडा धारेच्या असतात आणि कढी आंबट असते. याहून जास्त लिहीत नाही. मी जेवलो. सगळं जेवलो. पाटाखाली थेंब जाऊ दिला नाही. विलासनं श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं. त्याचं त्याला, मी तेव्हाही बोललो नाही आणि आज बोलून काय.

जेवणं झाल्यावर मी बॉयलर घेऊन मोरीत बसलो. मला सांधा बघायचा होता. चांदी कडेपर्यंत पळालेली होती. सांधा उसवला नव्हता, शेजारचं तांबं फाटलं होतं. दुप्पट दाबाला न हललेली वस्तू. मग मी घुमट काढला. हत्याराला हात लावायचा नव्हता म्हणून वाल्व दातांनी धरून सैल केला आणि फिरवून काढला. आत स्प्रिंगच्या वेढ्यांत भात होता. लाल भात. कुंकवाच्या अक्षता तेलात चिकटून स्प्रिंगमध्ये उतरल्या होत्या, खालून वाफ लागल्यावर शिजल्या होत्या आणि फुगून वेढ्यांत गच्च बसल्या होत्या. स्प्रिंग दबायला जागाच नव्हती. तो वाल्व कितीही दाबाला उघडला नसता. मी नखानं एक शीत काढलं. नीट शिजलं होतं.

मला राग आला असं वाचणाऱ्याला वाटेल. मला आनंद झाला. मी तसाच, ओल्या धोतरानं, वर गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती. आप्पा सोनं वाटायला निघाले होते, खिसे आपट्याच्या पानांनी भरलेले. मी वाल्व त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "आप्पा, सांधा पक्का आहे. हे बघा. अक्षता आत गेल्या. वाल्व बसला."

विलासही तिथं होता. तो म्हणाला, "माझी फ्लॉपी पण गेली, आप्पा. कुंकू आत गेलं." आणि हसला. "काही नाही, दुसरी मिळते."

आप्पांनी वाल्व हातात घेतला, उजेडाकडे धरला. त्यांची नजर चांगली होती. त्यांना दिसलं. हे मी शपथेवर सांगतो, त्यांना दिसलं. आईकडे एकदा पाहिलं. मग वाल्व माझ्या डाव्या हातात परत ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अक्षता देवाच्या असतात. देवाचं खोटं होत नाही. खोटा झाला तो तुझा हात." आणि खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या उजव्या, भाजलेल्या पंजात ठेवली, माझी बोटं त्यावर मिटली आणि स्वतःच्या मुठीनं वरून दाबली. तांबटाची मूठ काय असते ते आमच्या आळीत विचारा. "सोनं घे," म्हणाले, "सोन्यासारखा रहा."

मी "आई गं" म्हटलं नाही. त्यांना ते हवं होतं, म्हणून नाही म्हटलं. ते जिना उतरले आणि पुढच्या दारापाशी त्यांचा नेहमीचा आवाज ऐकू आला, "अहो, चालली ना, चालली! एक फेरी चालली आणि बाहुलीचं पोट फुटलं!" समोरची माणसं हसली. नंतर रात्रीपर्यंत घरोघर तेच. पुढं ती ठशाची कांडी आप्पांनी विलासला दिली, ज्यानं जन्मात हातोडी धरली नाही. त्याच्या शोकेसमध्ये ती असते. माझ्या भांड्यांच्या बुडाला काही नसतं. आता हिंजवडीची पोरं तांब्याच्या बाटल्या घ्यायला येतात, म्हणतात, काका, ब्रँड कुठला? मी म्हणतो, गळली तर आणून दे. अजून कुणी आणलेली नाही.

त्या रात्री मी झोपलो, चांगला झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आळी सुरू व्हायच्या आधी, मी उठलो. तोंड धुतलं. घुमट कापडानं पुसून लख्ख केला, उपडा होता तो उताणा केला, आणि त्यात तो वाल्व ठेवला, स्प्रिंग आणि शितं होती तशी. आप्पा पाटावर येऊन बसले होते. शिळी पुरी आणि चहा, ही त्यांची दसऱ्यानंतरची सकाळ. आईनं त्यांच्यापुढं कपबशी ठेवली होती. मी कपबशी उचलली, बाजूला ठेवली, आणि तिथं घुमट ठेवला.

"आई," मी म्हटलं, "ओत."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या हातात चहाचं भांडं होतं. इतकी वर्षं तिनं त्या घरात सांगितलं ते वाढलं होतं आणि सांगणारा नेहमी एकच होता. मग तिनं ओतला. घुमट काठोकाठ भरला, शितं तरंगून वर आली.

आप्पांनी मान वर केली. "काय आहे हे?" ओरडून नव्हे. पण मी त्यांच्याआधीच आवाज खाली आणला होता.

"ज्याच्या हातून बिघडलं," मी म्हटलं, "त्यानं त्यातच."

आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो, त्यांनी तो चहा संपवेपर्यंत. पाटावर थेंब गळला नाही. घुमट माझ्या हातचा होता.